ट्रकमध्येच कायमचं राहायचं ठरवताय? आधी बाहेर पडायची सोय करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लांब पल्ल्याच्या गाडीवर नोकरी, खोलीवर जाणं महिन्यातून चार-पाच दिवसच होतं, भाडं मात्र पूर्ण भरावं लागतं. खोली सोडून ट्रकच्या केबिनमध्येच राहिलं तर जमेल का, आणि त्यासाठी काय काय तयारी लागेल?

जमतं. मी अनेक वर्षं असाच राहिलो आहे आणि माझ्या ओळखीतले बरेच ड्रायव्हर आजही राहतात. पण गादी कुठली घ्यावी, फ्रिज केवढा घ्यावा, इथून मी सुरुवात करणार नाही. त्या गोष्टी हळूहळू जुळतातच. आधी सांगा, गाडी कोणाची आहे? कंपनीची असेल तर नोकरी सुटेल त्या दिवशी घरही सुटेल. तुमची चूक नसतानाही गाडी बदलली जाऊ शकते, किंवा तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याच्या हाती दिली जाऊ शकते. गाडी स्वतःची असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागला की कमाई थांबते आणि झोपायची जागाही वर्कशॉपमध्ये जाते. बहुतेक वर्कशॉप रात्री माणसाला गाडीत राहू देत नाहीत. शिवाय इंजिनाच्या वर केबिन असलेल्या गाडीत इंजिनाचं काम काढायचं म्हणजे अख्खी केबिन पुढे टिल्ट करावी लागते. अशा वेळी बर्थवरचा डबा, सीटखालची बाटली, कपाटातली भांडी सगळं थेट समोरच्या काचेवर येऊन पडतं. मेकॅनिक येण्याआधी केबिन रिकामी करणं हे तुमचंच काम असतं, आणि तो तुमच्या सामानासाठी थांबत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: तुमचं सगळं घर अर्ध्या तासात दोन बॅगांत भरून खाली उतरलं पाहिजे. एका बॅगेत कपडे आणि अंथरूण, दुसरीत कागद, औषधं, चार्जर आणि स्वयंपाकाचं सामान. यात न बसणारी वस्तू गाडीत कायमची ठेवायची नाही. स्क्रू मारून बसवलेल्या फळ्या, चिकटवलेली कपाटं दिसायला छान दिसतात, पण गाडी बदलताना ती सोडून जावी लागतात आणि कंपनी वर नुकसानभरपाईही मागू शकते. पट्ट्यांनी बांधलेले, कप्पे असलेले कापडी खण वापरा. ते काढले की निघतात.

दुसरी तयारी पैशांची. खोली सोडल्यावर वाचणारं भाडं पहिल्या दिवसापासून खर्चात मिसळू देऊ नका. किमान एक महिना साध्या लॉजवर काढता येईल आणि एक खोली नव्याने घेता येईल, इतके पैसे वेगळ्या खात्यात जमेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी असे ड्रायव्हर पाहिले आहेत की ज्यांना वाईट मालक सोडायचा होता, पण झोपायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ते वर्षभर तिथेच राबले. जवळ पैसे असले की अन्याय होत असलेल्या ठिकाणाहून माणूस उठून जाऊ शकतो. याच कारणासाठी पत्ताही आधी पक्का करा. लायसन्स, बँक, विमा, कर, मतदान, डॉक्टर, सगळ्याला जमिनीवरचा पत्ता लागतो. भाऊ, बहीण, जुना मित्र, ज्याच्याकडे पत्रं जातील आणि जो ती उघडून तुम्हाला फोन करेल, असा एक भरवशाचा माणूस हवा. लायसन्सच्या नूतनीकरणाची सूचना किंवा दंडाची नोटीस हातात उशिरा पडली तर रोजीच जाते.

आता कायद्याचं. वाहनात राहण्याबद्दल जगात सगळीकडे एकच विचार नाही. युरोपीय संघात दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा 10 तास, आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती असा नियम आहे. रोजची विश्रांती सोयीच्या बर्थवर, गाडी उभी असताना घेता येते. पण आठवड्याची 45 तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घ्यायला बंदी आहे. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि 2020 च्या सुधारणेत राहण्याचा खर्च मालकाने करायचा हेही लिहिलं गेलं. म्हणजे तिथे अक्षरशः कायमचं ट्रकमध्ये राहणं नियमात बसतच नाही. अमेरिकेत सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर 14 तासांच्या कालावधीत जास्तीत जास्त 11 तास ड्रायव्हिंग करता येतं आणि ती विश्रांती स्लीपर बर्थमध्ये चालते. बर्थ किमान 75 इंच लांब आणि 24 इंच रुंद असावा, असं मापही नियमात दिलेलं आहे. भारतात 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला नियम नीट वाचा. मला स्वतःला 45 तासांमागचा विचार पटतो. आठवड्यातून एकदा पाय जमिनीवर, दार उघडलं की अंगण किंवा गल्ली, आणि नजरेसमोर स्टेअरिंग नाही, इतकं तरी माणसाला मिळालं पाहिजे.

झोपेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं चुकलं तर गैरसोय होते, हे चुकलं तर माणसं मरतात. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतंच, तुम्ही कितीही सराईत असा. ट्रकमध्येच राहणाऱ्याला याशिवाय आणखी एक धोका असतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घरी राहणारा उठतो, आवरतो, चालत किंवा बसने कामावर येतो, तोवर डोकं जागं होतं. आपल्या बर्थपासून स्टेअरिंग एका पावलावर. गजर झाला, पडदा सारला, सेल मारला आणि निघालो, असं सहज होतं. जाग आल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो. त्या वेळात गिअर टाकायचा नाही. खाली उतरा, टायरना हात लावत गाडीभोवती पूर्ण फेरी मारा, दिवे आणि एअरचे पाइप बघा, तोंड धुवा. तपासणीही होते आणि डोकंही ताळ्यावर येतं.

केबिनची विभागणी करा. जागा जेमतेम चार पावलांची असली तरी करा. ड्रायव्हरची सीट फक्त कामाची. शेजारची सीट बसण्याची, जेवण, फोन, कागद तिथे. बर्थवर फक्त झोप. गाडी थांबली की मी सीट बदलतो, मगच दिवस संपला असं धरतो. बर्थवर पडून बिल्टी (मालाची पावती) भरणं, मालकाशी वाद घालणं, तासन् तास मोबाइल बघणं सुरू झालं की हळूहळू तिथे झोप लागेनाशी होते. मग माणूस म्हणतो की मला ट्रकमध्ये झोपच लागत नाही.

गाडी उभी करण्याची जागा ही झोपेची अर्धी तयारी. प्रवेशाजवळचं आणि वळणावरचं टोक टाळा. उशिरा येणारा माणूस दमलेला असतो, वळताना त्याच्या ट्रेलरचं शेपूट तिथेच घासतं. गाडी मागे घेत जागेत लावा, म्हणजे सकाळी सरळ पुढे निघता येईल आणि अंधारात रिव्हर्स घ्यावा लागणार नाही. जमीन थोडी उतरती असेल तर डोकं चढाकडे राहील असं बघा. पाय उंच आणि डोकं खाली असलं की सकाळी डोकं जड होतं. शेजारी रेफ्रिजरेशनची गाडी असेल तर तिचं मशीन रात्रभर चालू-बंद होत राहतं. सलग आवाजाने झोप मोडत नाही, अचानक सुरू होणाऱ्या आवाजाने मोडते. त्यामुळे एक छोटा पंखा रात्रभर चालू ठेवा, त्याचा एकसारखा आवाज बाकीचे आवाज झाकून टाकतो. आणि जागा संध्याकाळी लवकर धरा. कामाचे तास संपत आलेत आणि तीन ठिकाणी जागा मिळाली नाही, या ताणात माणूस रस्त्याच्या कडेला नको तिथे गाडी लावतो. माल उतरवायच्या ठिकाणी रात्री थांबू देतात का, हे निघण्याआधीच फोन करून विचारावं.

आता विजेचं, कारण नवे लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतात. मोठ्या ट्रकची यंत्रणा सहसा 24 व्होल्टची असते, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. मोबाइलचा चार्जर किंवा छोटा पंखा 12 व्होल्टचा आहे म्हणून काही जण एकाच बॅटरीवरून वायर काढतात. तसं करू नका. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी रोज जास्त चार्ज होते, आणि दोन्ही वेळेआधी मरतात. 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर लावा आणि प्रत्येक वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्या. केबिनला लागणाऱ्या बऱ्याच आगींमागे ढिली जोडणी आणि बिनफ्यूजची वायर असते.

हिशोब कागदावर करा. समजा बॅटऱ्या 180 अँपिअर-तासांच्या आहेत. 24 व्होल्टला 180 ने गुणलं तर सुमारे 4,300 वॅट-तास, एवढी वीज त्यांत साठते. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढलं तर तिचं आयुष्य घटतं आणि सकाळी सेल मारायला जोर उरत नाही. म्हणजे वापरायला हातात 2,100. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज 45 वॅटचा आणि निम्मा वेळ चालणारा धरला तर दहा तासांत सव्वादोनशे वॅट-तास घेतो, ते परवडतं. एक लिटर पाणी उकळायला सुमारे शंभर वॅट-तास लागतात, तेही चालेल. पण हजार वॅटचा विजेचा हीटर लावला तर दोन तासांत सगळं संपलं. उभ्या गाडीवर चालणारा एसी 20 अँपिअर घेत असेल तर साडेचार तास. रात्रभर हवा असेल तर त्याच्यासाठी लिथियमची स्वतंत्र बॅटरी हवी, गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीपासून पूर्ण वेगळी. इंजिन चालू ठेवून रात्र काढणं हा त्यावरचा उपाय नाही. मोठं इंजिन उभ्या उभ्या ताशी साधारण तीन लिटर डिझेल जाळतं, काही ठिकाणी त्यावर बंदीही आहे. थंडीसाठी डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर घ्या. त्याला ताशी पाव लिटरही लागत नाही. पंपावर मात्र तो आधी बंद करायचा, कारण त्याच्या आत ज्योत जळत असते.

याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि त्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं. ती नेमकी दिवसभराच्या थकव्यासारखीच असल्याने माणूस झोपून टाकतो आणि उठत नाही. हीटरची धुराची नळी चिखलाने किंवा बर्फाने बुजली, एक्झॉस्टचा जोड फुटला, शेजारच्या गाडीचा धूर खिडकीतून येत राहिला, अशी कारणं असतात. बंद केबिनमध्ये गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवणं हे तर सरळ जिवावरचं काम. अलार्म उशाजवळ लावा, दर महिन्याला बटण दाबून बघा. अग्निशामकही बर्थवरून हात पोचेल असा ठेवा. चोरीच्या भीतीने काही जण आतून दोन्ही दारांना पट्टा आवळून झोपतात. एका ओढीत सुटणारा नसेल तर तो बांधू नका, आग लागली तर बाहेर पडायला सेकंदच मिळतात.

ओल हा केबिनचा मुरलेला शत्रू आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. थंड रात्री काचा पूर्ण बंद असल्या की ते पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या अंगाला जमतं. गादी उचलून बघा, मधोमध, जिथे पाठ टेकते तिथे, खाली काळे ठिपके दिसले तर बुरशी धरली. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्यांची फळी घाला, दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, आणि दिवसा गाडी चालू असताना गादी उभी करून पट्ट्याने बांधून ठेवा. हीटर लावूनही खिडकी बोटभर उघडी ठेवणं ज्यांना उधळपट्टी वाटते, त्यांना दोन हिवाळ्यांत खोकला आणि नवी गादी दोन्ही मिळतात.

खाण्याबद्दल फार लांबण लावत नाही. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, उन्हात उभ्या केबिनमध्ये तर त्याहूनही कमी. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, आकड्यावर विश्वास ठेवा, हाताला गार लागतंय यावर नको. शौचालयाच्या भीतीने पाणी कमी पिणं ही ड्रायव्हर लोकांची जुनी सवय, त्यातून मूतखडा आणि लघवीचे संसर्ग होतात. स्त्री ड्रायव्हरना हा त्रास जास्त होतो, कारण धड जागाच मिळत नाही. घडीची किंवा पेटीसारखी छोटी पोर्टेबल टॉयलेट, घट्ट झाकणाची, गाडीत असू द्या आणि ती योग्य ठिकाणीच रिकामी करा. रस्त्याकडेला भरलेल्या बाटल्या फेकणाऱ्यांमुळे थांब्यांची दारं आपल्या सगळ्यांसाठी बंद होतात, याचा मला मनापासून राग येतो.

शरीराच्या बाबतीत तीन गोष्टी. उतरताना तोंड केबिनकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. रात्री झोपेतून उठून उडी मारण्यात घोटे आणि गुडघे जातात, आणि पाय मोडलेला ड्रायव्हर घर आणि पगार दोन्हीला मुकतो. दुसरं, बाजूच्या काचेतून अतिनील किरण आत येतात. समोरची काच दोन थरांची असते, ती बऱ्यापैकी अडवते, बाजूची तितकी अडवत नाही. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. खिडकीकडचा गाल दुसऱ्यापेक्षा कितीतरी वर्षं म्हातारा दिसत होता. पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन रोज वापरा. तिसरं, घोरणं. मोठ्याने घोरत असाल, मान 43 सेंटिमीटरपेक्षा जाड असेल, आठ तास झोपूनही दिवसा डुलकी लागत असेल तर स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. एकट्या माणसाला आपण घोरतो हे सांगणारं कोणी नसतं, मोबाइलवर एक रात्र रेकॉर्ड करा. त्यावर वापरतात ते सीपॅपचं (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) मशीन 24 व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतं, त्यातला पाणी तापवणारा भाग बंद ठेवला की वीजही फारच कमी लागते.

एकटेपणाचं काय, असं तुम्ही विचारलं नाही, पण ते येतंच. आधी कळत नाही. घरच्यांचा फोन आला तर माणूस दोन वाक्यांत संपवतो, सुट्टी मिळाली तरी कुठे जावंसं वाटत नाही, अंघोळ एक दिवस पुढे ढकलतो. ही लक्षणं आहेत. रोज ठरलेल्या वेळी, गाडी उभी असताना, एका माणसाला फोन करायचाच. पोरांशी बोलायचं असेल तर त्यांच्या झोपेच्या वेळेनुसार थांबा ठरवा, तुमच्या सोयीने नको. गाडी चालवत हँड्स-फ्री फोनवर बोलणं म्हणजे त्यांनाही अर्धं आणि रस्त्यालाही अर्धं. महिन्यात निदान दोन रात्री केबिनबाहेर, पलंगावर काढा. वाचलेल्या भाड्यातला तेवढा भाग त्यासाठीच आहे असं समजा.

तेव्हा खोली लगेच सोडू नका. तीन महिने ती असताना, तिथे न जाता ट्रकमध्ये राहून बघा, आणि त्यातला एक महिना तुमच्या भागातल्या सगळ्यात वाईट हवामानाचा असू द्या. एकदा मुद्दाम घड्याळ लावून केबिन रिकामी करा, अर्ध्या तासात दोन बॅगा खाली येतात का ते बघा. वेगळ्या खात्यात पैसे जमले, पत्त्यासाठी माणूस ठरला, आणि तिसऱ्या महिन्यातही तुम्ही रोज अंघोळ करत आणि फोन उचलत असाल, तर घरमालकाला खोली सोडण्याची नोटीस द्या. यातली एक जरी गोष्ट जमली नसेल तर खोली सोडण्याऐवजी ती एखाद्या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर वाटून घ्या. दोघं क्वचितच एकाच रात्री घरी असाल, आणि भाडं आजच निम्मं होईल.